धुऱ्यावरचा शेंदरी दगड

२८ मे, बुधवार

बांध चुकलाय. कुठे ते सांगता येत नाही, पण चुकलाय!

यवतमाळकडच्या कामातून आज सुटले आणि घरी न जाता गाडी आंजीकडे वळवली. एप्रिलपासून इकडे फिरकले नव्हते. गोपाल फोटो पाठवायचा, पण फोटोत सगळेच बांध छान दिसतात. वासुदेवरावांच्या शेतातला अर्धा बांध ठीक वाटला. तो मार्चमध्ये माझ्यासमोर झाला होता. पुढचा अर्धा बंडूजींच्या शेतातून नाल्यापर्यंत जातो. त्या वेळी तिथे कपाशीची पऱ्हाटी उभी होती, म्हणून तो मागे ठेवला आणि माझ्या माघारी मे महिन्यात उरकला. त्या अर्ध्यावर चालायला लागले आणि मधेच थांबले. इतकी वर्षं पाणी अडवायचे बांध घालण्याचंच काम केल्यावर पायांना उतार कळतो. बांधामागचा चर नाल्याकडे उतरत जायला हवा. माझे पाय म्हणत होते, चढ आहे!

गोपालला विचारलं. आमचा सर्व्हेचा माणूस, कामाला चोख, पण शंका घेणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणाला, ऊन लय आहे मॅडम, पाणी प्या पयले.

प्यायले. चढ तसाच होता.

२९ मे

सकाळी टेबलावर चहा सांडला. ओघळ कुठल्या बाजूला जातो ते बघत बसले. धीरज म्हणाला, लोक आधी फडकं आणतात. नवरा म्हणून त्याचं बरोबर आहे. पण आमचं टेबल खिडकीकडे उतरतं हे एवढ्या वर्षांत त्याला कळलं नव्हतं, हेही खरं.

३१ मे, शनिवार

हसावं की डोकं आपटावं!

आज लेव्हल मशीन घेऊन गेले. आधी बेंचमार्क शोधायचा. मार्चमध्ये मीच ठरवलेला दगड — सगळ्या उंच्या त्याच्यावरून मोजायच्या, म्हणजे तो जागचा हलता कामा नये. या काळ्या मातीत धड खडक लागत नाही. म्हणून तिघांची शेतं जिथे भेटतात त्या कोपऱ्यातला, हद्दीच्या धुऱ्यावरचा एक बसका दगड घेतला होता. वर वासुदेवराव आणि बंडूजी, खाली कुंताबाईंची भाजीची वाडी. दगडाला खूण म्हणून रंग लावला. लाल संपला होता. गोपालने आंजीच्या दुकानातून डबा आणला, तो निघाला शेंदरी. मी म्हटलं, चालेल.

चालेल!

बुधवारी त्या कोपऱ्यात उतरलेच नव्हते. आज जाऊन बघते तर दगडाखाली विटांचा ओटा. वर झेंडा. समोर उदबत्तीची राख, खोबऱ्याचे तुकडे, हिरव्या बांगड्या. दगडाला तेल लावून लावून चकाकी आलेली. नावसुद्धा पडलंय — धुऱ्यावरचा बाबा. वासुदेवरावांनी कौतुकाने सांगितलं की हनुमान जयंतीच्या सुमारास प्रकट झाले. दर शनिवारी बायका येतात. आज शनिवारच होता, मला प्रसाद मिळाला.

गोपालला बाजूला घेतलं. विचारलं, मे महिन्यात लेव्हल कशावरून घेतलीस? तो म्हणाला, याच्यावरूनच. ओटा दिसला नाही का? दिसला ना. मग?

"पाया पडलो, चपला काढल्या, मंगच स्टाफ ठेवला मॅडम. देव झाला तरी दगड तोच होये ना."

तो अगदी मनापासून सांगत होता. देवाच्या डोक्यावर मोजपट्टी ठेवल्याचं त्याला वाईट वाटत होतं, ते कसं निस्तरलं ते तो सांगत होता. देव वीतभर वर चढला, तर त्याच्यावरून मोजलेलं सगळंच वीतभर वर चढतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. बांधाचे दोन अर्धे जुळतात त्या जोडावर फरक आला होता म्हणे. जेसीबीवाल्याने बकेटने सारखा करून दिला.

१ जून, रविवार

सुट्टी. दिवसभर आकडे. तीनदा करून पाहिलं, तेच येतं.

नाल्याकडचा अर्धा बांध वीतभर उंच आहे. म्हणजे पाणी नाल्याकडे जाणारच नाही. दोन्ही शेतांचं पाणी वाहत येऊन मधल्या जोडापाशी साचणार. आणि जोड कुठे? तर कुंताबाईंच्या वाडीच्या बरोबर डोक्यावर.

काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात तडकतो. आता त्या भेगांत माझा हात कोपरापर्यंत जातो. अशा बांधाला पाणी टेकून उभं राहिलं की ते भेगेत शिरतं, आतून माती नेतं, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा बांध एका दुपारी फुटतो. वडनेरला आमच्या घराजवळच्या एका वावरात मी लहानपणी हे पाहिलंय. दुसऱ्या दिवशी तिथे माती नव्हती, नुसती टणक चोपण जमीन होती आणि मधे त्या घरच्यांची चाललेली शोधाशोध — काय शोधत होते कोणास ठाऊक.

कुंताबाईंची वाडी एकराच्या आतली आहे. वांगी, दोडके, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर चवळी. नवरा गेलेला, मुलगा साहिल नागपूरकडे कंपनीत. आंजीच्या बाजारात बसतात, वांगी जास्त निघाली तर आर्वीच्या एसटीत पोतं टाकतात. एवढंच आहे त्यांचं. ते वाहून गेलं तर माझ्या बांधाने वाहून जाईल. पाणी अडवायला मी गेले होते!

जोडापासून नाल्यापर्यंतचा चर वीतभर खोल करायचा आणि बांध तेवढा उतरवायचा, की झालं. जेसीबीचं एका दिवसाचं काम. पाऊस लागायच्या आत.

३ जून, मंगळवार

वासुदेवरावांकडे गेले. ते हो म्हणाले. त्यांचं हो मला माहीत आहे. उताराला आडवं पेरा म्हणून मी तीन खरीप सांगतेय. तीनही वेळा हो म्हणाले आणि उभंच पेरलं. पण इथे त्यांच्या हो-नाहीने काही अडत नाही. खोदायचंय बंडूजींच्या शेतात.

बंडूजी घरी नव्हते, लग्नाला गेलेले.

आभाळ कोरडं. तरी सारखं वर बघते.

६ जून, शुक्रवार

बंडूजी नाही म्हणाले.

माणूस वाईट नाही. उंचापुरा, हसतमुख, आल्याबरोबर चहा. सगळं नीट ऐकून घेतलं. वीतभराची चूक झाली हेही मान्य केलं, उलट गोपालला त्यावरून चिडवलं. मग माझ्यासोबत शेतात आले. बाबाच्या ओट्यापासून बऱ्याच लांबवर चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पुढे आले. खोदायची जागा दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"बाबाच्या डोक्यावर खोदा म्हणता काय मॅडम? नाई जमत. लेकराबाळांचं घर आहे माहं."

म्हटलं, मी जबाबदारी घेते. म्हणाले, तुमी वर्ध्याले राह्यता, मले इथं राहा लागते. म्हटलं, कुंताबाईंची वाडी जाईल. यावर ते म्हणाले की बाबा तिच्याच धुऱ्यावर बसला आहे, तो पाहून घेईल तिचं.

तिथून कुंताबाईंकडे. वांग्यांची रोपं लावत होत्या. मला बघून हात पुसले, झाडाखाली गोणपाट अंथरलं. मी पाण्याचं सांगितलं. दगड थोडा वेळ बाजूला ठेवून खोदलं तर बंडूजी ऐकतील का, असं विचारलं. तेवढ्याने त्या ताठ झाल्या.

"त्याले हात नका लावू मॅडम. यंदा पयल्यांदा बंडूजीचा नांगर त्याच्यापाशी येऊन थांबला. नाई तं दरसाल नांगराचं एक तास माह्या धुऱ्याचं त्याच्यात जाते."

मी मान हलवली. श्रद्धा दिसली की मी मागे सरते, अंगावर येते ती माझ्या. निघताना पिशवीभर वांगी दिली. नको म्हटलं तर म्हणाल्या, बाबाच्या नावानं घ्या. वांगी घेऊन आले.

८ जून, रविवार

मृग लागला. पाऊस नाही. वांग्याची भाजी केली. धीरजने दोनदा वाढून घेतली. मी ताटात बाजूला सारली.

११ जून, बुधवार

ऑफिसात मीटिंग. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता पेरण्या तोंडावर आहेत, दिवाळीनंतर दुरुस्ती घेऊ. आणि शेतकऱ्याची भावना दुखावेल असं काही करू नका. मी म्हटलं, तो दगड माझा आहे. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघू लागले, कोणीतरी हसलंही. म्हणजे आमच्या ऑफिसातला बेंचमार्क आहे, असं मी सावरलं. तरी जेवणाच्या सुट्टीत अकाउंटवाल्या बाईंनी विचारलंच, कुठे आहे हो ते ठाण? त्यांच्या भाचीचं लग्न जमत नाहीये.

असं पसरतं हे!

१४ जून, शनिवार

दिवसभर एकाच जागी बसता आलं नाही. गॅलरीत गेले, आत आले, कपाट आवरलं, पुन्हा पसरलं.

मला खरं काय वाटतं ते इथे तरी लिहावं. मला राग आलाय. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की पाणी कोणाचं ऐकत नाही, ते फक्त उताराचं ऐकतं. मशीनला लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरशी मी भांडले आहे. बोअरच्या जागेसाठी नारळ फिरवणाऱ्या माणसाला मी भर सभेत उठवलंय. आणि आता माझ्याच हाताने लावलेल्या रंगापुढे मी हात जोडून उभी आहे की बाबा, जरा सरक, मला खोदू दे!

सोपा उपाय आहे. बंडूजींना खरं सांगायचं. तो देव नाही, माझी खूण आहे. भीती गेली की खोदकाम होईल.

मग का सांगत नाही? कुंताबाईंचा चेहरा आठवतो म्हणून. त्यांच्यासाठी तो देव आहे. पण देव ठेवायचा आणि वाडी घालवायची, हे कसलं जपणं? वाडी वाचली तर देव दुसरा सापडेल. असे दगड पुष्कळ आहेत.

हे लिहिल्यावर बरं वाटलं.

१७ जून, मंगळवार

दोन सरी पडून गेल्या. जमीन नुसती ओली. पुढच्या आठवड्यात जोराचा पाऊस सांगताहेत. आता थांबून चालणार नाही.

१९ जून, गुरुवार

सांगितलं!

गोपालच्या मोबाइलमध्ये मार्चमधला फोटो सापडला. उघड्या धुऱ्यावर दगड, ओटा नाही, झेंडा नाही, आणि शेजारी उकिडवी बसलेली मी, हातात ब्रश. बंडूजींच्या ओसरीवर बसून तो त्यांना दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. दगड पाहिला, ब्रश पाहिला, मला पाहिलं.

"म्हणजे कोणाले सपन नाई, दृष्टान्त नाई. तुमीच रंगवला?"

मी म्हटलं, मीच. रंगाचा डबा अजून गाडीत आहे.

"तुमी स्वतः मानत नाई काय देव?"

म्हटलं, मी मानत नाही. आणि हा तर नाहीच, काही नाही तिथे.

त्यांनी मोबाइल परत दिला. मग हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने. मीही हसले. किती दिवसांनी! मंग कायले भ्यायचं, असं म्हणून त्यांनी माझ्यासमोरच जेसीबीवाल्याला फोन लावला. उद्या सकाळी येजो, म्हणाले. मी त्यांना एवढंच म्हटलं की कुंताबाईंना हे तुम्ही सांगू नका, मी सावकाश सांगेन. त्यांनी मान डोलावली.

खरं बोललं की कामं होतात. सरळ गोष्ट आहे, उगाच इतके दिवस घालवले.

२० जून, शुक्रवार

झालं काम! सकाळपासून उभी होते. नवा बेंचमार्क तात्पुरता विजेच्या खांबाच्या पायथ्यावर घेतला, जोडापासून नाल्यापर्यंत चर खोल केला, बांध उतरवला. दर काही फुटांवर मी स्वतः स्टाफ धरला. गोपाल मशीनवर. या वेळी तो कोणाच्याही पाया पडला नाही.

बंडूजी दिवसभर सोबत होते. चपला घालूनच ओट्याशेजारून ये-जा करत होते. ते बघून मला बरं वाटलं. एक माणूस तरी भीतीतून सुटला.

कुंताबाई बाजाराला गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या असतील, तोवर मी निघाले होते. काम झाल्याचं उद्या-परवा सांगेन फोनवर.

झोप येतेय. चक्क झोप.

२६ जून, गुरुवार

धो धो. दुपारपासून एकसारखा. वर्ध्यात रस्त्यावर पाणी. गोपालला फोन केला, लागत नाही. कुंताबाईंचा लागतो, त्या उचलत नाहीत.

गॅलरीत उभी आहे. धीरज म्हणतो, इथून आंजी दिसत नाही.

२७ जून, शुक्रवार

बांध टिकला!! सकाळी गोपालने व्हिडिओ पाठवला. चर भरून वाहतोय, गढूळ पाणी नाल्याकडे पळतंय, नुसतं पळतंय. जोडापाशी टिपूस साचलेला नाही. कुंताबाईंची वांगी जागच्या जागी उभी.

व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते लिहीत नाही, हसं होईल. साहेबांना पाठवला. धीरजला जबरदस्तीने दाखवला. आईला वडनेरला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण म्हणाली, तू खूश आहेस ना, मग झालं.

कुंताबाई अजून फोन उचलत नाहीत. वाडीत असतील.

३० जून, सोमवार

कसं लिहू.

आज गेले. बर्फी घेऊन गेले होते! गाडीतून उतरले तेव्हाच काहीतरी रिकामं वाटलं. झेंडा दिसत नव्हता. जवळ गेले तर ओटा नाही, दगड नाही. विटांचे दोन-चार तुकडे चिखलात. आणि धुरा — धुराच नाही! बंडूजींचं सोयाबीन उगवून आलंय, कोवळं, दोन-दोन पानांचं. त्याच्या ओळी पूर्वी गवत होतं तिथून सरळ खाली गेल्यात. कुंताबाईंच्या दोडक्याच्या मांडवाच्या बल्ल्या उपटून एका बाजूला रचून ठेवलेल्या. नीट रचून. बंडूजी नीटनेटका माणूस आहे.

कुंताबाई वांग्यांत निंदण करत होत्या. मला पाहिलं, पण उठल्या नाहीत. मी बांधावरच उभी राहिले. बर्फीचा डबा हातात.

"मले काऊन इचारलं नाई तुमी?" खाली मान घालूनच म्हणाल्या.

मी चाचरत म्हटलं की तुमची श्रद्धा होती, तुम्हाला दुखवायचं नव्हतं, तो खरं तर मी रंगवलेला —

"माहीत आहे. तुमी रंगवत होत्या तवा मी इथंच होती. वांगे तोडून राह्यली होती."

मला समजेना. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? मग तो ओटा?

"माहीत होतं म्हणूनच तं ओटा बांधला."

मग उठल्या, विळा कमरेला खोचला आणि सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. नवरा गेल्यापासून दरसाल नांगरटीला बंडूजींचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, खाली सरकायचं. खुंट्या ठोकल्या, त्या निघाल्या. निरगुडी लावली, ती जळाली. माणसं मध्ये घातली. बंडूजी सगळ्यांसमोर हसून म्हणायचे, वहिनी, ट्रॅक्टर वळते तवा थोडं इकडं-तिकडं होते. मोजणीचा अर्ज केला, मोजणीवाले आलेच नाहीत. मग मार्चमध्ये मी दगड रंगवून गेले. त्यानंतर गुराखी ढोरं त्या दगडाला वळसा घालून नेऊ लागले. ते कुंताबाईंच्या लक्षात आलं. घरच्या पडक्या न्हाणीच्या विटा टोपलीतून आणल्या. ओटा केला, दगड वर ठेवला. दोन बायकांना सांगितलं की स्वप्न पडलं. बाकी गावाने केलं. यंदा पहिल्यांदा नांगर थांबला.

मी म्हटलं, पण वाडी वाहून गेली असती कुंताबाई. परवाच्या पावसात काही उरलं नसतं.

"पाणी वर्षातून एक डाव येते मॅडम. बंडूजी रोज येते."

त्यांनीच विटा लावून दगड उचलला आणि त्यामुळेच पाणी त्यांच्या अंगावर येणार होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? त्यांनी देव केला तो कोणाला न विचारता, आणि मी मोडला तोही कोणाला न विचारता. फरक एवढाच की त्यांनी स्वतःचं राखायला केला.

बंडूजींच्या घरावरून आले. ओसरीवर बसले होते. चहा घ्या म्हणाले. धुऱ्याचं काढलं तर हसले. "तुमीच तं म्हणलं मॅडम, काही नाई तिथं." माझं वाक्य, माझ्याच हातात परत दिलं.

बर्फी गाडीतच राहिली.

१ जुलै

धीरज म्हणतो, तू खोटं बोललीस का? नाही. कोणाचं वाईट चिंतलंस? नाही. मग कशाला जिवाला लावून घेतेस?

तेच तर. खोटं बोलले असते तर निदान माफी मागता आली असती.

२ जुलै, बुधवार

मोजणीची चौकशी केली. ओळखीच्या माणसाला फोन केला, त्याने दुसऱ्याचा नंबर दिला. होईल, पण उभ्या पिकात नाही, पाऊस संपल्यावर बघू. तोवर तास आणखी खाली. एकदा पीक काढलं की ती जमीन त्याचीच होती असं सगळ्यांना वाटायला लागतं. मला हे कळायला कुंताबाईंच्या नजरेने बघावं लागलं.

पुन्हा बसवत नाहीये. पुन्हा गॅलरी.

३ जुलै, गुरुवार

गोपालचा फोन. आवाज अगदी दबलेला. "मॅडम, बाबा नाल्यात हायेत. पालथे."

मी विचारलं, फुटलाय का? नाही म्हणाला, चांगला आहे, नुसता रंग गेलाय थोडा.

दिवसभर एकच विचार. त्या दगडाची जागा माझ्या जीपीएस मशीनमध्ये आहे. मार्चमध्ये घेतलेली, बोटभर इकडे-तिकडे नाही. मोजणी येवो न येवो, तो दगड कुठे होता हे या जिल्ह्यात मीच सांगू शकते. पण मी सांगितलं तर बंडूजी पुन्हा हसतील. जागा सांगून भागणार नाही. काय केल्याने भागेल ते मला चांगलं माहीत आहे, आणि ते मी कधी केलेलं नाही.

गोपालला म्हटलं, शनिवारी ते मशीन घेऊन ये. काय मोजायचंय ते त्याने विचारलं नाही.

५ जुलै, शनिवार

बेंचमार्क आता वासुदेवरावांच्या विहिरीच्या काँक्रीटवर. पांढरा रंग.

दगड नाल्यातून आणून मशीनने काढलेल्या जुन्या जागी बसवला, विटांच्या ओट्यासकट. सोयाबीनच्या मधे येतो, इलाज नाही. रंगवायला गाडीतला शेंदरी डबा पुरला. शनिवार म्हणून बायका आल्याच होत्या, मागून गडीमाणसंही जमली. कुंताबाईंनी नारळ माझ्या हातात दिला आणि बाजूला झाल्या. मी चपला काढल्या. नारळ फोडला. डोकं टेकवलं.

मान वर केली तर समोर बंडूजी. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. मग चपला काढल्या.